सोमवार ते शनिवार

तीन ते सहा वर्षांची मुलं अंगणवाडीत रोज चार-एक तास असतात. त्या तासांत काय होतं, असं गावात कुणालाही विचारलं तर दोन उत्तरं हमखास मिळतात : खाऊ मिळतो आणि गाणी म्हणतात. दोन्ही खरी आहेत, पण ती दारातून डोकावून दिलेली उत्तरं आहेत. तपासणीला आलेली व्यक्ती एखाद्या सकाळी तासभर थांबते, रजिस्टरं चाळते, एका धीट मुलीला कविता म्हणायला लावते आणि भेटवहीत शेरा लिहून पुढच्या गावाला निघते. आईबाप वर्षातून एकदा जमतात, मुलं रंगीत कपडे घालून नाचतात, टाळ्या होतात. एका सकाळीत मुलाचं शिकणं दिसत नाही, कारण तेवढ्यात ते पुरं होत नाही. वर्षाच्या अखेरीसही दिसत नाही, कारण तोवर ते अंगवळणी पडलेलं असतं. ते दिसतं, आठवडाभर एका कोपऱ्यात बसून पाहिलं तर. म्हणून हे पुस्तक एका आठवड्याचं आहे. सोमवार ते शनिवार असे सहा भाग, आणि शेवटी रविवारचा एक छोटा भाग.

आठवडाच का, हे एका गोष्टीवरून कळेल. सोमवारी बाई माकड आणि मगरीची गोष्ट सांगतात. काही मुलं ऐकतात, काही खिडकीबाहेरच्या कोंबडीकडे बघत असतात. मंगळवारी तीच गोष्ट सुरू होताच चार-पाच जण बाईंच्या पुढे पळतात आणि मगर काय म्हणाली ते आधीच सांगून टाकतात. बुधवारी बाई मुद्दाम जांभळाच्या झाडाऐवजी आंब्याचं झाड म्हणतात, तर अख्खी अंगणवाडी ओरडून त्यांना अडवते. गुरुवारी सतरंजीची नदी होते, एकजण मगर होऊन पालथा पडतो आणि दुसऱ्याला पाठीवर घेतो. शुक्रवारी पाटीवर खडूने एक वेडावाकडा गोल उमटतो, आणि काढणारी मुलगी सांगते की हे माकडाचं काळीज आहे, ते झाडावर ठेवलंय. ऐकणं, आठवणं, आधी काय आणि नंतर काय हे लावणं, चूक ओळखणं, दुसऱ्याच्या जागी स्वतःला ठेवणं, आणि शेवटी मनातली गोष्ट खुणेने दाखवणं : पुढे ज्याला आपण वाचणं-लिहिणं म्हणतो त्याचा पाया या पाच दिवसांत घातला गेला. रोज नवी गोष्ट सांगणारी वाडी जास्त शिकवते असं बघणाऱ्याला वाटतं. प्रत्यक्षात तिथली मुलं रोज पहिल्याच पायरीवर उभी राहतात.

या पुस्तकाला सांगायचं आहे ते एवढंच. लहान मूल त्याच त्या गोष्टीकडे पुन्हा पुन्हा येऊन शिकतं, आणि दर खेपेला थोडं वेगळं होऊन येतं. त्याला तसं येता यावं यासाठी रोज उघडणारं दार लागतं, ओळखीची माणसं लागतात, ठरलेली वेळ लागते आणि घाई न करणारी ताई लागते. बालवाडी चांगली की वाईट हे भिंतींवरच्या चित्रांवरून ठरत नाही. तिथला आठवडा सलग आहे की तुटका, यावरून ठरतं.

महाराष्ट्राला हा विचार नवा नाही. मारिया माँटेसरी यांनी १९०७ मध्ये रोममधल्या सॅन लोरेन्झो या गरीब वस्तीत पहिलं बालगृह उघडलं. त्यांची पुस्तकं वाचून भावनगरच्या गिजुभाई बधेका यांनी वकिली सोडली आणि १९२० मध्ये दक्षिणामूर्ती संस्थेत बालमंदिर सुरू केलं. तिथे त्यांना ताराबाई मोडक येऊन मिळाल्या. मुंबईत शिकलेल्या, नोकरीत स्थिरावलेल्या ताराबाईंनी लहान मुलांसाठी सगळं सोडलं. १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला, १९३६ मध्ये दादरला शिशुविहार उभं राहिलं. शहरातल्या सुशिक्षित घरांना बालशिक्षण पटू लागलं होतं. पण खेड्यातल्या, कुडाच्या घरातल्या मुलाचं काय, हा प्रश्न ताराबाईंना स्वस्थ बसू देईना. १९४५ मध्ये त्या डहाणूजवळच्या बोर्डीला गेल्या आणि ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू झालं. अनुताई वाघ त्याच वर्षी त्यांच्यासोबत आल्या. तेराव्या वर्षी लग्न होऊन लगेच वैधव्य आलेल्या, शिकून शिक्षिका झालेल्या अनुताई पुढे आयुष्यभर त्याच परिसरात राहिल्या.

बोर्डीत पहिल्यांदा मुलांपेक्षा मोठ्यांनाच शिकावं लागलं. बालवाडी उघडली, पण आदिवासी पाड्यांवरची मुलं येईनात. कुणाच्या कडेवर धाकटं भावंड असायचं, कुणाला गुरांमागे जायचं असायचं, कुणाला एवढं अंतर चालवत नसे. यावर ताराबाईंनी काढलेला मार्ग आज साधा वाटतो : मूल येत नसेल तर बालवाडीने त्याच्या अंगणात जावं. एक मध्यवर्ती बालवाडी आणि पाड्यापाड्यांच्या अंगणात भरणारी अंगण बालवाडी असे दोन प्रकार तिथे सुरू झाले. १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेल्यानंतर त्याला आणखी फांद्या फुटल्या. कडेवरच्या भावंडासाठी पाळणाघर, तीन ते सहाच्या मुलांसाठी बालवाडी आणि त्यांच्या थोरल्यांसाठी प्राथमिक शाळा एकत्र आणली, ती विकासवाडी. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी शिक्षक कुरणात जाऊ लागले, ती कुरणशाळा. मुलाच्या घरच्या आठवड्याला शाळेने धक्का लावला नाही, उलट त्या आठवड्यात स्वतःला बसवून घेतलं.

साधनांचंही तसंच. लाकडी मनोरे, दट्ट्यांचे ठोकळे, रंगाच्या पट्ट्या ही माँटेसरी पद्धतीची साधनं महाग होती आणि बोर्डीच्या मुलाला परकी होती. किनाऱ्यावर शंख-शिंपले पडलेले होते, रानात बिया होत्या, पायाखाली माती होती. त्यांचीच साधनं झाली. आजही अंगणवाडीत चिंचोके, गजगे, खडे, पानं, बाटल्यांची झाकणं डब्यांत भरून ठेवलेली दिसतात. पैसे नाहीत म्हणून कशीबशी सोय केली, असं पाहुण्याला वाटतं. खरं तर त्या डब्यांमागे बोर्डी-कोसबाडचा कित्येक वर्षांचा विचार उभा आहे.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारची एकात्मिक बाल विकास सेवा योजना देशात ३३ प्रकल्पांत सुरू झाली. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, पूर्व-शालेय शिक्षण आणि आईला आहार-आरोग्याची माहिती अशा सहा सेवा एका छपराखाली आल्या, आणि त्या छपराला नाव मिळालं अंगणवाडी. आज देशात सुमारे १४ लाख अंगणवाड्या आहेत, महाराष्ट्रात एक लाखाहून अधिक. एवढा मोठा पसारा दुसऱ्या कुठल्या बालशिक्षण व्यवस्थेचा क्वचितच असेल. पण सहा सेवांपैकी वजन आणि आहार मोजता येतात, म्हणून त्यांची रजिस्टरं झाली. शिकणं मोजायला अवघड, म्हणून ते मागे पडलं. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तीन ते आठ वर्षांचा पायाभूत टप्पा मानला, २०२२ मध्ये त्या टप्प्यासाठी राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा आला, आणि अंगणवाडीतल्या तीन वर्षांना शिक्षणाच्या नकाशावर प्रथमच ठळक जागा मिळाली. आता त्या जागेत नेमकं काय भरायचं, हे ठरवण्याची वेळ आहे.

पुस्तकातल्या आठवड्याकडे वळू. प्रत्येक दिवशी वाडीत सगळंच घडतं : गप्पा, गाणी, खेळ, जेवण, भांडणं, रडणं, हसणं. तरी लिहिताना एकेका दिवसाला एकेक अंग पुढे आणलं आहे.

सोमवारचा भाग परत येण्याचा आहे. नवं मूल जूनमध्ये रडतं हे सगळ्यांना माहीत असतं. पण पहिले काही महिने ते प्रत्येक सोमवारी थोडं थोडं रडतं, याकडे लक्ष जात नाही. दाराशी आईचा पदर सोडणं, चपला ओळीत ठेवणं, हात धुणं, सतरंजीवर आपली जागा शोधणं, ही चार कामं रोज त्याच क्रमाने झाली की त्या क्रमाचाच मुलाला आधार वाटू लागतो. पुढे काय होणार हे ज्याला ठाऊक असतं ते मूल निर्धास्त असतं, आणि निर्धास्त मूलच नव्या गोष्टीला हात लावतं. मग गोल बसून काल काय केलं याच्या गप्पा होतात. इथे भाषेचा प्रश्न येतो. डहाणू-तलासरीच्या पाड्यांवर मूल घरी वारली बोलतं, मेळघाटात कोरकू, गडचिरोलीत गोंडी किंवा माडिया, नंदुरबारला भिली नाहीतर पावरी. त्याने कालची हकिकत घरच्या बोलीत सांगितली आणि ताईने ती त्याच बोलीत ऐकून घेतली, तर ते बोलत राहतं आणि प्रमाण मराठीचे शब्द हळूहळू त्यात मिसळतात. पहिल्याच वाक्याला दुरुस्त केलं तर ते गप्प होतं. असं गप्प झालेलं मूल शहाणं समजलं जातं, ही फार मोठी फसगत आहे.

मंगळवारचा भाग हातांचा आहे. चिंचोके आणि गजगे एकत्र करून समोर ओतले की कुणी न सांगता मुलं ते वेगळे करू लागतात. रंगाने, मग आकाराने, मग गुळगुळीत-खरखरीत अशा स्पर्शाने. वर्गीकरण म्हणतात ते हेच, आणि गणिताची पहिली पायरी हीच. पानं लहानापासून मोठ्यापर्यंत लावली की क्रम लागतो. प्रत्येक वाटीत एक खडा टाकला की एकास एक संगती होते. ही संगती पक्की झालेली नसली तर मूल एक ते वीस घडाघडा म्हणतं, पण समोरचे सात खडे मोजताना कधी सहा सांगतं, कधी नऊ. आकडे तोंडपाठ असणं आणि मोजता येणं या दोन गोष्टींत अंतर आहे, आणि ते खड्यांनीच भरून निघतं. मणी ओवताना, माती मळताना, कागद फाडताना अंगठा आणि पहिली दोन बोटं कामाला लागतात. पुढे पेन्सिल धरायची ती याच तीन बोटांनी. साडेतीन वर्षांच्या मुलाच्या मनगटात आणि बोटांत ती ताकद अजून आलेली नसते. त्याला दुरेघी वहीत अक्षरं गिरवायला लावली तर ते पेन्सिल मुठीत आवळून धरतं, हात दुखतो, आणि लिहिणं म्हणजे दुखणं ही त्याची पहिली ओळख होते.

पालकांची सगळ्यांत मोठी तक्रार नेमकी इथेच असते. शेजारच्या इंग्रजी शाळेत नर्सरीतली पोरं एबीसीडी लिहितात, आमचं मूल अजून मातीतच खेळतंय. ही तक्रार हसण्यावारी नेऊ नये. आपलं मूल मागे पडेल ही भीती गरीब घराला अधिक असते, कारण दुसरी संधी मिळेल याची खात्री तिथे कमी असते. त्या भीतीला उत्तर मिळायला हवं, आणि ते आठवडा दाखवूनच देता येतं. कोणत्या खेळातून काय तयार होतं, हे एकदा डोळ्यांनी पाहिलेली आई पुन्हा वही मागत नाही. ती घरी तांदूळ निवडताना पोरीला शेजारी बसवते.

बुधवारचा भाग बाजाराचा. आठवडी बाजाराचा वार गावागणिक वेगळा, या पुस्तकात तो बुधवारी आहे. त्या दिवशी हजेरी कमी असते, कारण काही मुलं आईबरोबर बाजाराला जातात. वाडीतल्या मुलांचं मनही तिकडेच असतं, म्हणून बाई वाडीतच बाजार मांडतात. पानांची भाजी, खड्यांचे बटाटे, चिठ्ठ्यांचे पैसे. एकजण गिऱ्हाईक होऊन घासाघीस करतो, अगदी आजीच्या सुरात. मोठी माणसं याला भातुकली म्हणून बाजूला सारतात. पण या खेळात मुलाला आपली भूमिका धरून ठेवावी लागते. दुकानदार झाल्यावर भाजी खाऊन टाकता येत नाही, गिऱ्हाईक झाल्यावर पाळी येईपर्यंत थांबावं लागतं. मनातली ऊर्मी आवरून धरण्याचा हा सराव असतो, आणि तो मूल स्वतःच्या खुशीने करतं. हाताची घडी तोंडावर बोट लावून अर्धा तास बसवल्याने हा आवर येत नाही. बोट काढलं की ती शिस्तही जाते.

गुरुवारच्या भागात जेवण आणि वजन आहे. वाडी हे शिकण्याचं ठिकाण, आणि खाणं ही फक्त कल्याणाची बाब, अशी वाटणी कागदावर होते. मुलाच्या दृष्टीने ती वाटणी नाहीच. भुकेलं मूल गोष्ट ऐकत नाही. २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याने तीन ते सहा वर्षांच्या मुलाला सकाळचा नाश्ता आणि गरम ताजं जेवण मिळून रोज ५०० उष्मांक आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिनं देणं बंधनकारक केलं, वर्षातले ३०० दिवस. म्हणजे आठवड्याचे सहा दिवस. खिचडी, उसळ, लापशी, शिरा यांचे वार ठरलेले असतात, आणि वारांची नावं मुलं त्या पदार्थांवरूनच आधी शिकतात. राज्यातल्या आदिवासी भागांत अमृत आहार योजनेतून आठवड्यातले चार दिवस अंडं किंवा केळी मिळतात. ताटं मांडताना जितकी मुलं तितकी ताटं हा हिशोब रोज एक मूल करतं. वाढणारं मूल स्वतः शेवटी जेवतं. हात धुवायची रांग, सांडलेलं पुसणं, शेजारच्याला संपवायला वेळ लागतोय म्हणून थांबणं, यांतलं काहीही अभ्यासक्रमाबाहेरचं नाही.

महिन्यातल्या एका गुरुवारी वजनकाटा निघतो. वृद्धी आलेखावर ठिपका पडतो, तो कोणत्या रंगाच्या पट्ट्यात आहे, हे आईला दाखवलं जातं. दंडाभोवती फीत गुंडाळून घेर मोजतात. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरपेक्षा कमी भरला तर ते मूल तीव्र कुपोषित, आणि त्याच्यावर तातडीने उपचार व्हायला हवेत. साडेअकरा ते साडेबारा म्हणजे मध्यम. महाराष्ट्राच्या डोंगरपट्ट्यांत या फितीने जीव वाचवले आहेत. पण वाडीतली ताई फितीआधीही ओळखते. जे मूल गेल्या आठवड्यात झाडामागे पळत होतं ते या आठवड्यात भिंतीला टेकून बसलं, तर काहीतरी बिनसलंय हे तिला कळतं. गेला आठवडा जिच्या लक्षात आहे तिलाच हे कळू शकतं.

शुक्रवारचा भाग बाहेरचा आहे. पाड्याला फेरी, विहिरीपर्यंत, बांधापर्यंत, कुंभाराच्या किंवा सुताराच्या दारापर्यंत. चढणं, उडी मारणं, बांधावरून तोल सावरत चालणं. शरीराचा तोल, अंतराचा अंदाज आणि वर-खाली-आत-बाहेर-मागे-पुढे हे शब्द एकदमच शिकले जातात. भिंतींच्या आत हे शब्द चित्रांवर बोट ठेवून शिकवावे लागतात आणि तरी कच्चे राहतात. शहरातल्या भाड्याच्या खोलीत भरणाऱ्या अंगणवाडीला अंगणच नसतं, ही आपल्या शहरांची लाज आहे. जिथे मूल धावू शकत नाही अशा जागेला तीन वर्षं बालशिक्षणाचं केंद्र म्हणत राहणं आता थांबलं पाहिजे.

शनिवारी सामान धुऊन पुसून ठेवलं जातं, मुलं त्यात हौसेने हात घालतात. मुलं घरी गेली की ताई दोन-तीन घरांना भेट देते. वरवर हे सगळ्यांत कमी महत्त्वाचं काम वाटतं, म्हणून वेळ कमी पडला की पहिली कात्री त्यालाच लागते. यासाठी एक परदेशातला प्रयोग सांगतो. अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या इप्सिलांटी गावी १९६२ ते १९६७ या काळात पेरी प्रीस्कूल हा प्रयोग झाला. गरीब कृष्णवर्णीय घरांतली १२३ मुलं निवडली, त्यांतली ५८ बालशाळेत आली, बाकीची आली नाहीत. बालशाळा रोज सकाळी अडीच तास चाले, आणि शिक्षिका दर आठवड्याला दीड तास प्रत्येक मुलाच्या घरी जात. पुढे ही सगळी मुलं चाळिशीची होईपर्यंत त्यांचा माग ठेवला गेला. बुद्धिमापन चाचणीतली सुरुवातीची आघाडी काही वर्षांत विरून गेली. पण बालशाळेत आलेल्यांपैकी अधिक जण शालेय शिक्षण पूर्ण करू शकले, त्यांची कमाई अधिक राहिली, पोलिसांच्या हाती पडण्याचं प्रमाण कमी राहिलं. जेम्स हेकमन या अर्थशास्त्रज्ञाने या नोंदी पुन्हा तपासल्या आणि हा फरक मुख्यतः स्वभावात रुजलेल्या गुणांमुळे पडल्याचं दाखवलं : काम टिकवून करणं, स्वतःला आवरणं, माणसांशी जुळवून घेणं. मिशिगन आणि महाराष्ट्र यांची परिस्थिती एक नाही. तरी त्या प्रयोगाच्या आठवड्यात घरभेटीला दिलेली जागा आपण पाहिली पाहिजे. शिक्षिका घरी आली की आईला कळतं, आपलं मूल काय करतंय ते कुणाला तरी महत्त्वाचं वाटतंय. मग तिलाही ते वाटू लागतं.

उरला रविवार. तो छोटा भाग असला तरी त्याशिवाय आठवडा पुरा होत नाही. रविवारी वाडी बंद, आणि मूल जिथून येतं ते घर पूर्णपणे त्याचं. कुठे आजीच्या मांडीवर ऐकलेल्या ओव्या आहेत, खेकडे धरायला ओढ्यावर जाणं आहे, भिंत सारवताना आईच्या बोटांमागे फिरणारी छोटी बोटं आहेत. कुठे दारू आहे, मारहाण आहे, रिकामी चूल आहे. सोमवारी वाडीत येणारं मूल हे सगळं घेऊनच येतं. आणि काही मुलांचा रविवार महिनोन् महिने चालतो. दिवाळीनंतर जव्हार-मोखाड्यातली कुटुंबं वीटभट्ट्यांवर जातात, बीड-अहिल्यानगरकडची ऊसतोडीला जातात. तीन-चार वर्षांची मुलं फडात, भट्टीवर, झोपडीच्या दारात दिवस काढतात. आठवडा तुटतो तो तिथे. परतलेल्या मुलाला वाडीने नव्या मुलासारखं पुन्हा पहिल्यापासून घ्यावं लागतं, आणि काही कधी परततच नाहीत. या मुलांसाठी कुरणशाळेसारखं फडात जाणारं, भट्टीवर भरणारं काही उभं राहिलं नाही तर आपल्या बालशिक्षणाचा नकाशा अर्धाच राहील.

हा सगळा आठवडा दोन बायकांच्या खांद्यावर असतो, सेविका आणि मदतनीस. त्यांच्या कामाची यादी केली तर पान पुरत नाही : नोंदी, मोबाइलवरचं पोषण ट्रॅकर, गरोदर बायकांच्या भेटी, लसीकरणाचा दिवस, सर्वेक्षणं, काही ठिकाणी मतदार याद्या. मुलांसोबत बसायचा वेळ या यादीतून चोरून काढावा लागतो. त्यांना मिळतं त्याला पगार म्हणत नाहीत, मानधन म्हणतात. २५ एप्रिल २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सेविका आणि मदतनीस १९७२ च्या ग्रॅच्युइटी कायद्यानुसार उपदानाला पात्र असल्याचा निर्णय दिला, आणि हे काम म्हणजे हौसेची सेवा नव्हे हे देशातल्या सर्वांत मोठ्या न्यायालयात मान्य झालं. मी या पुस्तकासाठी ज्या ताईंच्या शेजारी बसलो त्यांच्या हातचं कसब मी कुठल्या पदवीधर शिक्षकापेक्षा कमी मानत नाही. वीस मुलांत एकाच वेळी कुणाला भूक लागलीय, कुणाला ताप आहे, कोण भांडणाच्या बेतात आहे आणि कुणाला आत्ता एक अवघड कोडं द्यायला हवं, हे नजरेत ठेवणं हे शिकून, मुरून येणारं ज्ञान आहे. ते टिकवायचं असेल तर त्यांना पुरेसं वेतन, नियमित प्रशिक्षण आणि मुलांसोबतचे अखंड तास द्यावे लागतील.

पुस्तक कसं वाचावं याविषयी थोडं. हे सलग वाचता येईल, पण त्याहून चांगलं म्हणजे एक भाग वाचून आपल्या गावच्या, आपल्या वॉर्डाच्या अंगणवाडीत त्या वाराला जाऊन बसावं. पालकांनी तिथे विचारावं की माझं मूल या आठवड्यात कशाकडे पुन्हा पुन्हा वळलं. पहिलीच्या शिक्षकांनी पाहावं की आपल्या वर्गात येणारं मूल कोरी पाटी नसतं, ते वर्गीकरण, गोष्ट, क्रम आणि पाळी सांभाळणं घेऊन येतं, आणि शाळेच्या पहिल्याच आठवड्यात त्याच्या हातातले खडे काढून घेऊ नयेत. सरपंच आणि नगरसेवकांनी नळाला पाणी आहे का, पावसात छत गळतं का, धावायला जागा आहे का आणि सेविकेची जागा रिकामी असेल तर ती किती दिवस रिकामी आहे, एवढं तरी तपासावं. ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर रस्ता, पाणी, दिवे यांच्या शेजारी अंगणवाडीचा विषय यायला हवा, आणि तो मांडणाऱ्याच्या हातात तिथल्या एका सबंध आठवड्याची नोंद हवी. पुस्तकाच्या शेवटी सहा वारांची कोरी पानं बांधली आहेत ती याच कामासाठी. ती भरून झाली की ग्रामसभेत वाचून दाखवा.